माठातले पाणी आणि चार पर्याय

विज्ञानाच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न असावेत की मुलांनी आपल्या शब्दांत उत्तर लिहावे असे प्रश्न असावेत, हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की दोन तट ठरलेले असतात. एक बाजू म्हणते, पर्यायावर खूण करायला डोके लागत नाही, अंदाजाने ठोकून देता येते. दुसरी बाजू म्हणते, लिहायला सांगितले की मुले गाईड उतरवतात आणि तपासणारा आपल्या मनाप्रमाणे गुण देतो. दोन्ही बाजूंच्या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच प्रकारांच्या नावांवरून वाद घालण्यापेक्षा एकच विषय घेऊन तो तीन रीतींनी विचारून पाहू. प्रत्येक रीतीत मुलाच्या मनातले आपल्याला काय दिसते आणि काय झाकलेले राहते, ते तपासू.

विषय आपल्या भागातलाच घेऊ. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत माठाचे पाणी म्हणजे काय सुख असते, हे खानदेशातल्या मुलाला शिकवावे लागत नाही.

शास्त्रीय कारण लिहा

पहिली रीत सर्वांच्या ओळखीची. ‘उन्हाळ्यात माठातील पाणी थंड होते. शास्त्रीय कारण लिहा.’ गुण दोन.

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या भाग १ आणि भाग २ या दोन्ही प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या. त्यांत पर्याय निवडण्याला ५ गुण, एका वाक्याच्या किंवा जोड्या लावण्यासारख्या प्रश्नांना ५ गुण, आणि उरलेले ३० गुण लिहिण्याचे. त्यांतले ४ गुण शास्त्रीय कारणांचे. म्हणजे कागदावर पाहिले तर आपली शालान्त परीक्षा लेखी उत्तरांचीच परीक्षा आहे. मग मुलांच्या विचाराला तिथे भरपूर वाव असायला हवा.

प्रत्यक्षात काय होते? माठाच्या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांचे आहे. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते. पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते. ही चार वाक्ये फळ्यावर असतात, वहीत असतात, गाईडमध्ये असतात आणि आदर्श उत्तरपत्रिकेतही असतात. मुलाने ती जशीच्या तशी लिहिली की दोन गुण मिळतात. पण त्याला माठ कळला की चार वाक्ये पाठ झाली, हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही. असा प्रश्न दिसायला मोकळा आणि आतून बंद असतो. त्याचे उत्तर एकच आहे आणि ते आधीच ठरलेले आहे. फरक इतकाच की ते निवडायचे नसून आठवून लिहायचे आहे.

याच जातीचा दुसरा प्रश्न पाण्याच्या असंगत आचरणावरचा: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात? ज्ञान महत्त्वाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु शिरपूर किंवा जामनेरच्या मुलाने गोठून फुटलेला नळ कधी पाहिलेला नाही. त्याच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे काही नसल्यामुळे पाठ केलेलेच लिहिण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. बर्फाने गच्च भरलेली आणि झाकण फुगून वर आलेली प्लास्टिकची बाटली मात्र त्याने पाहिलेली असू शकते. तत्त्व तेच, पण त्या प्रश्नात बोलायला त्याच्या हाती काहीतरी असते.

योग्य पर्याय निवडा

दुसरी रीत बहुपर्यायी प्रश्नाची. तिचा सर्वांत सोपा आणि सर्वांत निकृष्ट नमुना असा: ‘माठातील पाणी कशामुळे थंड होते? (अ) बाष्पीभवन (ब) संघनन (क) गोठणे (ड) उत्कलन.’ यात ‘माठ’ या शब्दाशी ‘बाष्पीभवन’ हा शब्द जोडला गेला आहे की नाही, एवढेच कळते. शिवाय अंदाजाचा भाग आहेच.

हा अंदाजाचा भाग किती, याचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चार पर्यायांचे १० प्रश्न आहेत आणि १०० मुले प्रश्न न वाचताच खुणा करीत आहेत असे समजा. संभाव्यतेच्या नियमाने त्यांतली सुमारे २२ मुले चार किंवा अधिक उत्तरे बरोबर देतील, म्हणजे ३५ टक्क्यांची रेषा ओलांडतील. प्रश्न ४० केले तर १४ किंवा अधिक बरोबर येणारी मुले १०० पैकी सुमारे १० उरतात. तात्पर्य, घटक चाचणीत दहा खुणांवरून ‘या मुलाला येते’ असे म्हणणे फारच धाडसाचे आहे. प्रश्न वाढवले की धोका घटतो, पण शून्य होत नाही.

मात्र एवढ्यावरून बहुपर्यायी प्रश्न मोडीत काढणे बरोबर नाही. तोच माठ असा विचारून पाहा:

‘दोन सारखे माठ आहेत. एकाला बाहेरून ऑइलपेंट दिला. दोन्हींत सारखे पाणी भरून मे महिन्यात सावलीत ठेवले. संध्याकाळी काय आढळेल?
(अ) रंगवलेल्या माठातले पाणी जास्त थंड असेल, कारण रंग बाहेरची उष्णता अडवतो.
(ब) दोन्हींतले पाणी सारखेच थंड असेल, कारण माती मुळातच थंड असते.
(क) न रंगवलेल्या माठातले पाणी जास्त थंड असेल, कारण छिद्रांतून बाहेरची हवा आत जाते.
(ड) न रंगवलेल्या माठातले पाणी जास्त थंड असेल, कारण पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेते.’

इथे प्रत्येक चुकीचा पर्याय काहीतरी सांगतो. ‘ब’ निवडणाऱ्या मुलाला थंडपणा हा मातीचा गुण वाटतो. ‘क’ निवडणारे मूल अधिक महत्त्वाचे. त्याचे भाकीत बरोबर आहे, कारण चूक आहे. बाहेर ४४ अंश तापलेली हवा आत जाऊन पाणी गार कसे करील, हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही. हेच मूल पहिल्या रीतीच्या प्रश्नात ‘सूक्ष्म छिद्रे असतात’ हे वाक्य पाठ म्हणून लिहील आणि पूर्ण गुण घेऊन जाईल. त्याची गैरसमजूत लेखी उत्तरात झाकली गेली असती, ती बहुपर्यायी प्रश्नाने उघडी केली. भाकीत आणि कारण वेगवेगळे विचारणाऱ्या अशा दुहेरी प्रश्नांची पद्धत विज्ञानशिक्षणात डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९८८ मध्ये नीट मांडली. ६० मुलांच्या वर्गात हात वर करायला लावून पाच मिनिटांत मोजणी होते आणि उद्या नेमके काय शिकवायचे ते शिक्षकाला कळते.

पर्याय रचताना काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब आणि सर्वांत नीटनेटका असतो, हे चलाख मुले लवकर हेरतात. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय आला की तोच बरोबर, असाही त्यांचा अनुभव असतो. असे प्रश्न विज्ञानापेक्षा परीक्षा देण्याचे कसबच तपासतात.

मे आणि जुलै

आता तिसरी रीत. ‘मे महिन्यात तुमच्या घरच्या माठातले पाणी चांगले गार होते. जुलैत तसे होत नाही. असे का होत असावे? तुमचे म्हणणे खरे की खोटे हे ठरवायला काय करून पाहाल?’

शास्त्र सरळ आहे. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे बाष्पीभवन झपाट्याने होते. जुलैत हवेत आधीच भरपूर बाष्प असते, बाष्पीभवन मंदावते. आकडे हवे असतील तर तेही देता येतात. साधारण तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. १० लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडून गेले तर ५८,००० कॅलरी जातात. ही सर्व उष्णता आतल्या पाण्याने दिली असे धरले, तर ते जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. बाहेरून उष्णता आत येत असतेच, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी पडतो.

पण या प्रश्नाची खरी किंमत ठरलेल्या उत्तरात नाही. समजा एखादी मुलगी लिहिते, ‘जुलैत बाहेरच थंड असते, म्हणून माठाचे पाणी गार लागत नाही. थर्मामीटर लावून बघायला पाहिजे.’ आदर्श उत्तरपत्रिकेत हे नसेल. तरी तिने दोन मोलाच्या गोष्टी केल्या आहेत. ‘गार असणे’ आणि ‘गार लागणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिने ओळखले आणि मोजून पाहण्याची वाट दाखवली. आर्द्रतेचे कारण तिला सुचलेले नाही, म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत. पण तिला शून्य देणारी परीक्षा विज्ञानाची परीक्षा म्हणवून घेऊ शकत नाही.

दोन प्रकारांतला मूळ फरक इथे स्पष्ट होतो. बहुपर्यायी प्रश्नात मुलाची चूक प्रश्न काढणाऱ्याने आधीच कल्पिलेली असते. त्याला जे सुचले नाही ते त्या प्रश्नात दिसू शकत नाही. खऱ्या मोकळ्या प्रश्नात मूल आपल्याला न सुचलेलेही सांगून जाते. म्हणून ‘किती मुलांना हा गैरसमज आहे’ हे मोजायला पर्याय चांगले, आणि ‘मुलांच्या मनात काय काय आहे’ हे शोधायला मोकळा प्रश्न हवा. पाठ उत्तर मागणारा लेखी प्रश्न मात्र या दोन्हींपैकी एकही काम करीत नाही. आपल्या प्रश्नपत्रिकांत सर्वांत जास्त जागा नेमकी त्यानेच अडवलेली आहे.

खिरोद्याचा धडा

मोकळ्या प्रश्नावर एक गंभीर आक्षेप आहे आणि खानदेशात तो टाळून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिल्लांच्या बोली आहेत. अशा मुलाला ‘माठात’ऐवजी ‘माठमा’ हेच आपले वाटते. ‘माठ पाझरस म्हनीसन पानी थंड व्हस’ असे त्याने लिहिले तर त्यात पाझरण्याचे निरीक्षण आहे आणि कार्यकारणसंबंधही आहे. नाही ती फक्त प्रमाण भाषा आणि ‘बाष्पीभवन’ हा शब्द. मोकळा प्रश्न अशा मुलाचे विज्ञान तपासतो की मराठी?

हा प्रश्न नवा नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांमध्ये प्रकल्प राबवला. तिथे आणि त्यानंतरच्या कामात विज्ञान शिकण्यातला भाषेचा अडथळा हा केंद्राच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय राहिला. केंद्राचे पहिले संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करून पाहिली. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते आणि वर्गातले बोलणेही वाढते, हे त्यांनी दाखवले.

मग बोलीभाषक मुलांसाठी बहुपर्यायी प्रश्नच न्यायाचे नव्हेत का? लिहावे लागत नाही, एवढ्यापुरते ते सोपे आहेत. पण वरचा दोन माठांचा प्रश्नच पाहा. पाच-सहा ओळी प्रमाण मराठी वाचल्याशिवाय खूण करता येत नाही. भाषेचा अडथळा लिहिण्यातून वाचण्यात सरकला, गेला नाही. शिवाय ज्या मुलाला आपले म्हणणे मांडण्याची सवय सर्वांत जास्त हवी, त्याच्याच हातून लेखणी काढून घेतल्यासारखे होते. योग्य उपाय वेगळा आहे. विज्ञानाच्या उत्तरात बोलीतले वाक्य चालेल, आकृती काढून बाण दाखवलेले चालेल, आणि पारिभाषिक शब्दाचा गुण वेगळा ठेवला जाईल, असे शाळेने ठरवावे. निदान शाळेच्या अंतर्गत चाचण्यांत हे ठरवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तपासणाऱ्याचा हात

दुसरा आक्षेप तपासणीचा. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी १०० पैकी २८ गुण दिले, तर कोणी नव्वदच्या वर. तीही भूमितीत! इंग्लंडमध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही अशीच तफावत आढळली. बहुपर्यायी प्रश्नांचा उगम याच काळातला. कॅन्सासमध्ये फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी केली, पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लाखो सैनिकांच्या चाचण्या घेतल्या, आणि १९३८ मध्ये खुणा मोजणारे यंत्र आले. निःपक्षपातीपणा आणि स्वस्ताई ही या पद्धतीची दोन बळे आहेत आणि ती खोटी नाहीत.

परंतु यंत्र निःपक्षपाती असते ते मोजण्यात. प्रश्न कोणता निवडायचा आणि पर्याय कोणते ठेवायचे, हे माणूसच ठरवतो. उलट मोकळ्या प्रश्नातली तफावत पूर्ण घालवता आली नाही तरी पुष्कळ कमी करता येते. मे-जुलैच्या प्रश्नाला चार गुण ठेवले तर वाटणी अशी करता येईल: दोन महिन्यांच्या हवेतला फरक सांगितला, १; तो फरक बाष्पीभवनाशी जोडला, १; पडताळणीसाठी मोजता येईल अशी कृती सुचवली, १; त्या कृतीत बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवल्या, १. दोन शिक्षकांनी दहा उत्तरे वेगवेगळी तपासून गुण ताडून पाहिले की वाटणीतले कच्चे दुवे लगेच दिसतात.

मोठ्या परीक्षांचा धाक

‘हे सर्व ठीक आहे, पण पुढच्या परीक्षा तर खुणांच्याच आहेत,’ असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० प्रश्नांपैकी ३५ विज्ञानाचे, सर्व बहुपर्यायी. यशस्वी मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरात या रकमेवर शिक्षण टिकते की तुटते हे ठरू शकते. अशा परीक्षेच्या सरावाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण त्या परीक्षेची तयारी म्हणजे फक्त तसलेच प्रश्न सोडवणे नव्हे. नवी परिस्थिती समोर आली की पाठ केलेला संच थिटा पडतो. माठ कळलेले मूल रंगवलेल्या माठाचाही पर्याय शोधते. शिवाय परीक्षेला दुसरी रूपेही देता येतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत पहिली चाळणी पर्यायांची, पण पुढे प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत येते. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसले की ज्या होशंगाबादला (आताचे नर्मदापुरम) जाता येते, तिथल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे उच्च प्राथमिक वर्गांची मुले पुस्तक आणि स्वतःच्या वह्या घेऊन परीक्षेला बसत आणि प्रयोगाचीही परीक्षा देत. पुस्तक समोर उघडे असले की पाठांतराचा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही आणि प्रश्न काढणाऱ्याला विचार करावा लागतो. ‘टिम्स’ आणि ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतही दोन्ही प्रकारांचे प्रश्न असतात.

आपल्या वर्गात

व्यवहाराचा हिशोब शेवटी वेळेशी येतो. ६० मुले, पाच मोकळे प्रश्न आणि उत्तराला दोन मिनिटे धरली तर दहा तास झाले. इतका वेळ शिक्षकाजवळ नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकच मोकळा प्रश्न द्यावा. दोन तासांत तपासून होतो. तो गाईडमध्ये नसावा आणि मुलांच्या पाहण्यातला असावा: केळीच्या बागेत दुपारी गारवा का वाटतो, पांझरेच्या फडाला पंपाशिवाय पाणी कसे पोचते, साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्या उंचावरच का, रुळांच्या सांध्यात पूर्वी फट का ठेवीत.

आलेल्या उत्तरांतली वारंवार दिसणारी चुकीची कारणे मुलांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या बहुपर्यायी प्रश्नांचे पर्याय याच वहीतून काढावेत. खुर्चीत बसून कल्पिलेल्या चुकांपेक्षा मुलांनी खरोखर केलेल्या चुका पर्यायात आल्या की खूण करताना मुलाला थांबावे लागते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चार-पाच शाळांनी आपल्या वह्या एकत्र केल्या, तर दोन वर्षांत खानदेशातल्या मुलांच्या विचारपद्धतीचा असा संग्रह तयार होईल की जो कोणत्याही प्रकाशकाच्या प्रश्नसंचात मिळणार नाही.

म्हणजे मोकळा प्रश्न आधी आणि पर्याय मागून. हा क्रम उलटा झाला की मुलांनी काय विचार करायचा हेही आपणच छापून देतो, आणि नंतर मुले विचार करीत नाहीत अशी तक्रार करतो.